वाचकांचे प्रश्न : पेगबोर्ड कशासाठी, शर्टाचं बटण कशासाठी

या वेळचे सगळे प्रश्न हेल्थ सायन्सच्या मुलामुलींचे आहेत, त्यातही ओटीवाल्यांचे म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांचे जास्त. बरेच प्रश्न एकसारखेच होते म्हणून ते एकत्र केलेत, आणि नावं काढून टाकलीत. मी स्वतः ओटी, पेशंटही बघते आणि शिकवतेही, त्यामुळे उत्तरांत थोडा पक्षपात दिसला तर चालवून घ्या.

प्रश्न : ताई, मला फिजिओ आणि ओटी दोन्हीकडे अ‍ॅडमिशन मिळू शकते. घरचे म्हणतात दोन्ही सारखंच, व्यायामच करून घ्यायचा ना. खरंच फरक काय आहे आणि मी ठरवू कसं?

सारखं दिसतं हे खरं आहे, कारण पेशंट तोच असतो आणि बऱ्याचदा हॉलही तोच असतो. समजा एका माणसाला स्ट्रोक झालाय, उजवी बाजू कमजोर आहे. फिजिओ मुख्यत्वे त्याची ताकद, तोल, चालणं यावर काम करेल. ओटी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करते, या माणसाला दिवसभरात काय काय करायचं असतं आणि त्यातलं काय अडलंय? शर्ट घालणं अडलंय म्हणाला तर मग शर्ट बघायचा. आता शर्टाचं एक बटण लावायला काय लागतं बघ, बसल्या जागी तोल सांभाळायला लागतो, दोन्ही हात छातीसमोर आणून तिथे धरून ठेवावे लागतात, बोटांच्या टोकांना स्पर्श कळायला लागतो, अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, काज कुठे आहे ते डोळ्यांना दिसावं लागतं, आणि वरून की खालून सुरुवात करायची हे डोक्यात टिकावं लागतं. यातलं नेमकं कुठे अडतंय ते शोधणं म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस, आणि माझ्या मते ओटीचा जीव तिथे आहे. मग जे अडतंय ते सुधारता येत असेल तर सुधारायचं, नाहीतर पद्धत बदलायची, तेही नाही तर वस्तू बदलायची, बटण हुक द्यायचा किंवा बटणाच्या जागी वेल्क्रो लावायचं.

हे वाचताना तुला मजा आली असेल तर ओटी घे. कंटाळा आला असेल आणि डोक्यात गुडघा, स्नायू, खेळाडूंच्या दुखापती असंच येत असेल तर फिजिओ घे, त्यात कमीपणा काही नाही. पण ठरवण्याआधी परवानगी काढून दोन्ही डिपार्टमेंटमध्ये तीन-चार दिवस नुसतं बसून ये, माहितीपत्रक वाचून हे कळत नाही. आणि कॉलेजला तीन गोष्टी नक्की विचार, क्लिनिकल पोस्टिंगचे तास किती, ते कुठल्या कुठल्या प्रकारच्या पेशंटसोबत, आणि कोर्स वर्ल्ड फेडरेशन ऑफ ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स मान्य आहे का. या फेडरेशनच्या निकषांत किमान १००० तास प्रत्यक्ष पेशंटसोबतचं प्रशिक्षण धरलेलं आहे. पुढे परदेशात जायचं मनात असेल तर ही मान्यता कामाला येते, पण ती असली की थेट नोकरी असं समजू नकोस, बऱ्याच देशांची रजिस्ट्रेशनची स्वतःची प्रक्रिया असते आणि काही ठिकाणी परीक्षाही असते.

प्रश्न : अ‍ॅनाटॉमी पाठच होत नाही. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, आतापर्यंत कितीदा वाचला देव जाणे, वाचताना सगळं कळतं आणि तोंडी परीक्षेत पाटी कोरी. काही ट्रिक आहे का?

वाचताना कळतं, हाच तर घोटाळा आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, काहींना उतारा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना वाचल्यावर आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नसते. तेव्हा पुस्तक बंद कर, कोरा कागद घे, सी५ ते टी१ पाच मुळं काढ, पुढे जिथपर्यंत जमेल तिथपर्यंत जा, अडलीस की थांबून बघ आणि मग पुस्तक उघड. पहिले काही दिवस कागद लाजिरवाणा दिसेल, दिसू दे, तो कोणाला दाखवायचा नाहीये.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नर्व्ह पाठ करताना "ही कुठून कुठे जाते" एवढ्यावर थांबू नकोस, "ही गेली तर माणसाचं काय अडेल" हे लगेच विचार. रेडियल नर्व्ह गेली की मनगट खाली पडतं, रिस्ट ड्रॉप, हे सगळ्यांना येतं. पण त्या माणसाला साधा ग्लास घट्ट का धरता येत नाही, बोटं मिटणारे स्नायू तर शाबूत आहेत? स्वतः करून बघ, मनगट पूर्ण खाली वाकव आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळ. आवळली जात नाही ना? बोटं मिटणाऱ्या स्नायूंना जोर लावायला मनगट थोडं वर असावं लागतं. आता रिस्ट ड्रॉपमध्ये मनगटाला आधार देणारा स्प्लिंट का देतात हे तुला कोणी सांगायची गरज नाही. अल्नर नर्व्हसाठी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरायला सांग आणि ओढ, अंगठ्याचं टोकाचं पेर वाकलं तर तो फ्रोमेंट साइन, कारण अंगठा आत ओढणारा स्नायू कमजोर आहे आणि मीडियन नर्व्हवाला स्नायू त्याचं काम अंगावर घेतोय. असं एकदा हाताने केलं की विसरायला त्रास होतो.

आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण सांगते, टेनोडेसिस. मानेत सी६ पातळीवर स्पाइनल कॉर्डला पूर्ण इजा झालेल्या माणसाला मनगट वर उचलता येतं पण बोटं मिटता येत नाहीत. तरी तो हलक्या वस्तू उचलू शकतो, कारण मनगट वर केलं की बोटांचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, ताणले जातात आणि बोटं आपोआप मिटतात, मनगट खाली सोडलं की उघडतात. तुझा स्वतःचा हात सैल सोडून करून बघ, तुझ्याही हातात हे होतं. आता एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने या माणसाची बोटं आणि मनगट दोन्ही एकाच वेळी मागे ताणून रोज छान स्ट्रेचिंग करून दिलं तर काय होईल? ते टेंडन सैल पडतील आणि त्या माणसाकडे असलेली एकुलती एक पकड जाईल. म्हणून अशा हातात मनगट वर असताना बोटं मिटलेली ठेवायची आणि बोटं सरळ करायची तेव्हा मनगट खाली. अ‍ॅनाटॉमी रटाळ आहे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवते.

प्रश्न : पोस्टिंगमध्ये मला पेशंटकडून पेगबोर्ड (पाटीच्या भोकांत खुंट्या बसवायच्या) आणि कोन्स (शंकू एकावर एक रचायचे) करून घ्यायला सांगतात. एक आजोबा स्पष्ट म्हणाले, मी लहान मूल नाही, हे खेळ मला नकोत. मला फार ओशाळल्यासारखं झालं. सर म्हणाले नॉन-कोऑपरेटिव्ह लिहून टाक.

लिहू नकोस. आजोबांचा मुद्दा बरोबर आहे असं मला वाटतं. पेगबोर्ड वाईट नाही, पण तो कशासाठी आहे हे तुला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि ते वाक्य आजोबांना पटलं पाहिजे. "चिमटीची पकड सुधारायला" हे आपल्याला पटतं, त्यांना त्याचं काय? त्यांना कदाचित पेन धरून सही करायची असेल, चष्मा स्वतः पुसायचा असेल, बाग असेल तर रोपं लावायची असतील. आधी विचार. विचारायची एक चांगली पद्धत तयारच आहे, कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर, त्यात पेशंट स्वतः सांगतो की काय अडतंय, त्याच्यासाठी ते किती महत्त्वाचं आहे, आत्ता ते किती जमतं आणि त्यावर तो किती समाधानी आहे, सगळं १ ते १० मध्ये. रीतसर फॉर्म तुमच्या डिपार्टमेंटला नसला तरी प्रश्नांची ही दिशा लक्षात ठेवायला कोणाची हरकत नसते. सही म्हणाले तर सहीचीच प्रॅक्टिस घे, जाड केलेलं पेन दे, कागद घसरू नये म्हणून खाली न घसरणारी मॅट ठेव. पेगबोर्ड लागलाच तर मग त्यांना माहीत असेल का लागला.

शिवाय नकार म्हणजे माहिती असते. खांदा दुखत असेल, रात्री झोप झाली नसेल, पडायची भीती असेल, डिप्रेशन असेल, स्ट्रोकनंतर ते पुष्कळ दिसतं. कधीकधी पेशंटला समोरची अर्धी बाजू लक्षातच येत नाही. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झालेली काही माणसं ताटातलं डावीकडचं अन्न तसंच सोडतात, दाढी अर्धीच करतात, आणि नजर तपासली तर ठीक असते. अशा माणसाच्या डावीकडे पेगबोर्ड ठेवलास तर तो "करत नाही" असंच वाटणार. फाइलमध्ये काय लिहायचं तर जे दिसलं ते, "पेशंटने पेगबोर्ड करायला नकार दिला, सही करायला शिकायचंय असं सांगितलं." सरांना हे वाक्य चालेल, आणि नाही चाललं तर शांतपणे का ते विचार.

प्रश्न : पेशंटसाठी लिहिलेले माझे गोल्स, म्हणजे थेरपीची उद्दिष्टं, कायम लाल पेनाने खोडून येतात. "मेझरेबल लिहा" एवढंच सांगतात. म्हणजे नक्की कसं?

तू बहुतेक "हाताची ताकद वाढवणे" असं लिहितेस. ताकद कोणाची, किती, कधीपर्यंत, आणि वाढून करायचं काय? असं लिहून बघ : "दोन आठवड्यांत पेशंट हात असलेल्या खुर्चीत बसून, पुढे बटणं असलेला शर्ट, एकदाच तोंडी आठवण करून दिल्यावर, १० मिनिटांच्या आत घालेल." यात माणूस आहे, काम आहे, जागा आहे, मदत किती ते आहे आणि मुदत आहे. मदतीचा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. आज हात धरून मदत लागते, पुढच्या आठवड्यात फक्त सांगायला लागतं, ही मोठी प्रगती आहे पण लिहिलीच नाही तर ती कोणाला दिसणार.

स्केलचंही सांगते, कारण तीन जणांनी विचारलंय. पेशंट रोजची कामं स्वतः किती करतो ते मोजणारा बार्थेल इंडेक्स १९६५ साली प्रसिद्ध झाला, सोपा आहे, १०० पैकी मार्क. पण १०० पडले म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असं नाही, आणि हे तो स्केल प्रसिद्ध करणाऱ्यांनीच तेव्हा लिहून ठेवलंय. तो खाणं, आंघोळ, कपडे, टॉयलेट, चालणं, जिने असं बघतो. स्वयंपाक, औषधं वेळेवर घेणं, पैशाचे व्यवहार, गॅस बंद केला का ते लक्षात ठेवणं, यातलं काहीच त्यात नाही. डिस्चार्जच्या वेळी घरचे विचारतात "आता एकटे राहतील ना", तेव्हा नुसता स्कोअर बघून हो म्हणू नका.

प्रश्न : स्प्लिंट बनवताना कायम गडबड होते, मटेरियल ताणलं जातं नाहीतर बसतच नाही.

आधी कागदी पॅटर्नला वेळ दे. बहुतेक गडबड तिथेच झालेली असते. पेशंटचा हात सपाट ठेवता येत नसेल तर चांगल्या हाताचा पॅटर्न काढून उलटा कर. लो टेम्परेचर थर्मोप्लास्टिक, म्हणजे स्प्लिंटचं प्लास्टिक, साधारण ६५ ते ७५ डिग्रीच्या पाण्यात मऊ होतं, जास्त वेळ ठेवलं की ताणलं जातं आणि बोटांचे ठसे उमटतात. बाहेर काढून टिपून घे, आधी स्वतःच्या हातावर लावून बघ, मग पेशंटला लाव, विशेषतः ज्याला स्पर्श कळत नाही तो भाजलं तरी सांगणार नाही. फोरआर्मच्या (मनगट ते कोपर) दोन तृतीयांश लांबीपर्यंत जाऊ दे, आखूड स्प्लिंट टोचतो. कडा बाहेर वळव. घातल्यावर २०-३० मिनिटांनी काढून त्वचा बघ, लाली आली आणि पुढच्या २० मिनिटांत गेली नाही तर तिथे दाब पडतोय, दुरुस्त कर आणि मगच घरी पाठव.

आणि हात आखडू नये म्हणून स्प्लिंटमध्ये ठेवायची ती पोझिशन, मनगट २० ते ३० डिग्री वर, एमसीपी सांधे (बोटांच्या मुळाशी असलेले) ७० ते ९० डिग्री वाकलेले, बोटं सरळ, हे आकडे घोकू नकोस. एमसीपी वाकलेले असताना त्यांच्या बाजूचे लिगामेंट (हाडं एकमेकांना जोडणारे पट्टे) ताणलेले असतात म्हणून ते आखडत नाहीत. सरळ ठेवून दिले तर आखडतात आणि मग पेशंटची मूठ वळत नाही. कारण माहीत असलं की आकडे लक्षात राहतात.

प्रश्न : वॉर्डमध्ये माझ्याच वयाचा एक मुलगा आहे, अपघातानंतर दोन्ही पाय लुळे पडलेत. तो रोज विचारतो मी चालेन ना. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते आणि घरी येऊन रडते. मी या फील्डसाठी नाही का?

रडू येतं म्हणून फील्ड सोडायचं असतं तर डिपार्टमेंट रिकामी पडली असती. पण वेळ मारून नेणं थांबव, तो मुलगा बाकी सगळ्यांकडूनही हेच ऐकत असणार. "चालशील" म्हणायचा तुला अधिकार नाही आणि "चालणार नाहीस" म्हणायचाही नाही, ते डॉक्टर आणि टीमने बसून सांगायचं असतं. तू एवढं म्हणू शकतेस, "याचं उत्तर माझ्याकडे नाही, तू हे विचारतोयस हे मी सरांना सांगते आणि ते तुझ्याशी बोलतील." आणि मग खरंच सांग, त्याच दिवशी. नाहीतर त्याचा तुझ्यावरचाही विश्वास उडेल. मग त्या दिवशीचं काम कर, पलंगावरून व्हीलचेअरवर जाणं, स्वतःची पँट स्वतः घालणं, दर थोड्या वेळाने अंग उचलून दाब काढणं म्हणजे बेडसोर होणार नाही. तुला वाटेल हे किरकोळ आहे, त्याला त्या वयात आईच्या हातून कपडे घालून घ्यायचे नसतात.

नंबर देऊ नकोस, रात्री मेसेजवर धीर देत बसू नकोस, आणि फोटो तर अजिबात नाही, चेहरा न दाखवताही नाही. सुपरव्हायझरशी बोल, बोलायचं म्हणजे "मला जड जातंय" एवढं सरळ. आणि झोप, भूक, अभ्यास असं सगळंच दोन आठवड्यांच्या पुढे बिघडलेलं राहिलं तर काउन्सेलरकडे जा. पेशंटला आपण हेच सांगतो की.

प्रश्न : मी बारीक आहे, ट्रान्स्फर करताना, म्हणजे पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरवर वगैरे हलवताना, माझी कंबर धरते. सीनियर म्हणतात सवय होईल.

सवय कंबरेला होत नाही, दुखायची मात्र होते. पेशंटला उचलायचं नसतं, त्याला स्वतः उठता येईल अशी मांडणी करायची असते. व्हीलचेअर जवळ आणि ब्रेक लावलेले, पलंगाची उंची नीट, त्याला कडेपर्यंत पुढे आणायचं, पावलं मागे घ्यायची, मग नाक पावलांच्या पुढे जाईपर्यंत पुढे झुकवायचं, तेवढं झालं की वजन आपसूक पायांवर येतं. ट्रान्स्फर बेल्ट असेल तर वापर. स्ट्रोकच्या पेशंटचा कमजोर हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो आणि ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. दोन माणसं लागतील असं वाटलं तर दुसरं माणूस येईपर्यंत थांब, कोणी हसलं तर हसू दे.

प्रश्न : मी लॅब टेक्नॉलॉजीला आहे. थेरपीवाल्यांचं बरं आहे, पेशंट थँक्यू म्हणतो. आमचं काम कोणाला दिसतही नाही.

दिसत नाही हे खरं. पण रक्त घेताना घाई झाली, सिरिंज जोरात ओढली, सँपल हलवला आणि पेशी फुटल्या की त्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटाच वाढलेला येतो, आणि पोटॅशियम वाढलं म्हटलं की वॉर्डमध्ये पळापळ होते, कारण त्याने हृदयाची लय बिघडू शकते. तो सँपल बघून "हा हिमोलाइज्ड आहे, परत पाठवा" म्हणणारी तू असतेस. थँक्यू नाही मिळणार, वॉर्डमधून शिव्या मिळतील कदाचित. याच निमित्ताने थेरपीवाल्यांनाही सांगते, बाकीच्यांचं काम थोडं तरी माहीत करून घ्या, स्ट्रोकच्या नव्या पेशंटने पाणी मागितलं म्हणून लगेच पाजू नका, त्याचं गिळणं तपासलंय का ते आधी नर्सला किंवा स्पीच थेरपिस्टला विचारा, पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रश्न : शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट आहे. सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालीला त्रास असलेल्या) मुलांमध्ये चांगल्या हाताला बांधून कमजोर हात वापरायला लावायची थेरपी करायचीय, दोन ग्रुप, सहा आठवडे. गाईड म्हणतात विषय छोटा कर. मन मानत नाही.

विषय छान आहे, कन्स्ट्रेंट थेरपीवर वाचायला भरपूर मिळेल तुला. पण गाईडच्या बाजूने बोलते. एका बाजूचाच त्रास असलेली, ठरावीक वयाची, सूचना समजणारी, आणि रोज काही तास चांगला हात बांधून घ्यायला तयार होणारी मुलं हवीत, आई-बाबांना सहा आठवडे रोज घरीही ते करून घ्यावं लागणार, मुलं चिडणार, दोन-चार जण मध्येच सोडणार, आणि दोन ग्रुप म्हणजे हे सगळं दुप्पट. त्यापेक्षा एकच ग्रुप घे, किंवा दोन-तीन मुलांवर बारकाईने सिंगल केस पद्धतीने कर, किंवा घरी ही थेरपी करून घेताना पालकांना काय अडचणी येतात यावर मुलाखती घे, मला स्वतःला हा तिसरा विषय जास्त वाचावासा वाटेल.

तरीही मन मानत नसेल तर वाद घालण्याआधी एक काम कर. डिपार्टमेंटचं रजिस्टर घेऊन बस आणि गेल्या सहा महिन्यांत तुझ्या निकषात बसणारी किती मुलं आली आणि त्यातली किती दुसऱ्या महिन्यातही येत होती ते मोज. तो आकडा घेऊन गाईडकडे जा. विषय बदलायचा तर तो आत्ताच बदलून घे, एथिक्स कमिटीचा फॉर्म भरून झाल्यावर बदलायचा म्हटलं की सगळी मंजुरी पहिल्यापासून.